जुनं प्लास्टिक गॅसमध्ये ठेवण्याआधी

परभणी-नांदेडकडं मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढं जातो, पत्र्याखालच्या खोलीत तर विचारूच नका. म्हणून वाचनालयातल्या किंवा घरातल्या जुन्या प्लास्टिक-रबरी वस्तू ऑक्सिजननं खराब होऊ नयेत म्हणून पिशवीत नायट्रोजन किंवा आरगॉन गॅस भरून हवाबंद करायच्या असतील, तर होळीच्या आत उरका.

गॅस आणण्याआधी वस्तू कशाची आहे ते ओळखा. यातच खरी मेख आहे. रबरी बाहुली किंवा टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा ऑक्सिजननं कडक होतो, तडकतो. त्यांना नायट्रोजन किंवा आरगॉन लागू पडतो. पण फोटोच्या निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ते फिल्मचं एक जुनं प्लास्टिक, म्हणजे अ‍ॅसिटेट आहे. त्याला पिशवीत कोंडू नका. सुटणारं आम्ल आत साचतं आणि त्यानंच पुढची झीज वेगानं होते. ऑक्सिजन काढून ती थांबत नाही. 1993च्या किल्लारी भूकंपाचे निगेटिव्ह कुणाकडं असतील, तर तेही बहुधा अ‍ॅसिटेटवरच असतील. ते कागदी पाकिटात, मोकळ्या हवेच्या गार जागी ठेवा आणि आधी स्कॅन करून घ्या, एवढी कळकळीची विनंती. कापरासारखा वास येणारा सेल्युलॉइडचा कंगवा वेगळाच ठेवा. पेट घेतला तर तो बाहेरच्या ऑक्सिजनवाचूनही जळतो.

आता सामान. साधी पॉलिथिनची पिशवी चालत नाही, तिच्यातून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली जाड पिशवी घ्या. मसाला पॅक करायचं सीलिंग मशीन पुरतं, मात्र शिवण दुहेरी मारा. वेल्डिंगचा आरगॉन वाळूजसारख्या औद्योगिक भागात मिळतो. टायरवाल्याकडचा नायट्रोजन पुरेसा शुद्ध असेलच असं नाही. सोबत लोखंडाच्या भुकटीची ऑक्सिजन-शोषक पुडी आणि रंग बदलणारी सूचक गोळी टाका: गुलाबी म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाही, निळी झाली की कुठंतरी गळती आहे. गोळी दिसावी म्हणून पिशवीची एक बाजू पारदर्शक, पण ऑक्सिजन अडवणारी असावी.

गॅस भरताना दारं-खिडक्या सताड उघडी हवीत आणि सिलिंडर साखळीनं बांधलेला हवा. नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्याचं कळतही नाही, माणूस सरळ कोसळतो. त्यामुळं एकट्यानं हे काम करू नका.

पिशवीवर वस्तूचं नाव आणि तारीख लिहा. गोळीचा रंग दर महिन्याला पाहून वहीत टिपा.