गावात मुलींचं क्रिकेट उभं करायचं असेल तर

वानुआतू हा प्रशांत महासागरातला 80 हून अधिक बेटांचा देश. गोव्याची लोकसंख्या त्याच्या चौपटीहून जास्त. एप्रिल 2024 मध्ये अबू धाबीला, टी-20 विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, तिथल्या मुलींनी झिंबाब्वेला 61 धावांत गुंडाळलं आणि 6 गडी राखून सामना खिशात घातला. त्या स्पर्धेसाठी त्यांनी चक्क लोकवर्गणी जमवली होती. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शारीरिक शिक्षण शिकवते. ‘मैदान नाही, पैसे नाहीत’ असं कुणी म्हटलं की मी त्याला हेच सांगते.

मैदान आपल्याकडे आहे. सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की ज्या शेतात वायंगण, म्हणजे उन्हाळी पीक, लावणार नसतील ते मालकाकडून मागून घ्या. मधला पट्टा तेवढा नीट करा, बाकी शेत आहे तसं चालतं. धसकटं मुळासकट उपटा, कापू नका. राहिलेल्या बुडख्यावर चेंडू वेडावाकडा उडतो आणि नवी मुलगी घाबरते. खड्ड्यांत रोयणीची (वारुळाची) माती भरून पाणी शिंपडा, माती वाफशावर आली की पाण्याने भरलेलं पिंप त्यावरून लोळवा, वरून शेणाने सारवा. पूर्ण सुकल्याशिवाय कुणाला पाय ठेवू देऊ नका. खेळपट्टी 22 यार्डांची नको, 16 पुरे. चेंडू टेनिसचा.

आता महत्त्वाचं. पहिल्या चेंडूवर बाद होऊन तासभर बांधावर बसलेली मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. म्हणून जोडीने खेळवा. सहा-सहा जणींचे दोन संघ, एका संघात तीन जोड्या, प्रत्येक जोडीला 4 षटकं. बाद झाली तर 4 धावा वजा, पण फलंदाजी चालूच. समोरच्या संघातल्या प्रत्येकीने 2 षटकं टाकायचीच. जिला चेंडू टाकता येत नाही तिला धावत येऊ देऊ नका. जागेवर उभं राहून, हात कानाजवळून फिरवत टाकू दे.

घरच्यांना आधी भेटा. दिवेलागणीपूर्वी मुली घरी पोचतील हा शब्द द्या आणि पाळा. एखाद्या आईला गुण लिहायला बसवा, पुढच्या वेळी ती शेजारणीला घेऊन येते. फुटबॉलवाल्या मुलांशी वार वाटून घ्या, भांडू नका.

गोव्याकडून खेळणारी शिखा पांडे 2017 मध्ये लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना खेळली, हे मुलींना जरूर सांगा. लेदरचा चेंडू मात्र पॅड, ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट हातात आल्यावरच काढा. गोवा क्रिकेट असोसिएशनच्या निवड चाचणीची वेळ येईल तेव्हा जन्मदाखला शोधत धावावं लागू नये, म्हणून त्याच्या प्रती आत्ताच काढून ठेवा.