व्हिक्टोरियन मासिकांतल्या हलक्याफुलक्या गोष्टी कशा वाचायच्या

पहिली गोष्ट म्हणजे जाडजूड कथासंग्रह घेऊन बसायचं नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्लंडच्या मासिकांतल्या त्या गोष्टी महिन्याला एक अशा वाचायला लिहिल्या होत्या, सलग दहा वाचल्या की सगळ्या सारख्याच वाटायला लागतात आणि मग माणूस म्हणतो यात काय आहे.

मासिकाचा अंकच उघडा. जॉर्ज न्यून्सनं जानेवारी १८९१ मध्ये लंडनमध्ये 'स्ट्रँड' मासिक काढलं, किंमत सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग, तेव्हा बरीच मासिकं एक शिलिंगला होती. लोक स्टेशनवर घ्यायचे, रेल्वेत वाचायचे, म्हणून गोष्ट एका बैठकीत संपणारी. आपल्याकडं पण बघा, ह. ना. आपट्यांचं 'करमणूक' १८९० चं आणि 'मनोरंजन' १८९५ चं, काळ तोच की.

इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर मासिकाचं नाव आणि साल टाकलं की 'स्ट्रँड'चे सहा-सहा महिन्यांचे बांधीव खंड मिळतात. स्कॅन केलेली पानंच बघा, नुसता टेक्स्ट नको, कारण चित्रं त्यात जातात आणि न्यून्सला तर पानोपानी चित्र हवं होतं. मोबाइल आडवा धरा, अक्षर नीट दिसतं. मी बेळगावहून लोंढ्याला जाताना एक गोष्ट काढतो, खानापूर मागं पडेपर्यंत बहुतेक संपलेली असते.

शेरलॉक होम्स सगळ्यांनी वाचलाय, तो राहू दे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स घ्या, खलाशांच्या विनोदी गोष्टी लिहिणारा इंग्रज लेखक. त्याचे वडील लंडनच्या वॉपिंग भागात धक्क्यावर मॅनेजर होते, त्यामुळं मालवाहू बोटींवरचे खलाशी, त्यांची भांडणं, उधारी, लग्नाच्या भानगडी त्यानं लहानपणापासून बघितलेल्या. इथं नवीन माणूस अडतो, कारण खलाशी 'ह' गिळतात आणि जेकब्स तसंच छापतो, हाऊसचं 'आउस', हिमचं 'इम', 'ह'च्या जागी नुसतं वर काढलेल्या स्वल्पविरामासारखं चिन्ह. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं म्हणा, लगेच कळतं.

आणि घरात कुणाला सांगायची असेल तर पुस्तकी मराठीत अजिबात नको. मी आधी आईला तशीच सांगत होतो, ती जांभया द्यायला लागली. मग खलाशाला आपल्या बेळगावातल्या शहापूरच्या माणसासारखं बोलायला लावलं, "काय रे, पैसे देतोस की न्हाई? न्हाई तर बायकोला सांगतो बघ तुझ्या!" तर ती भाजी निवडायची थांबली. आपल्या बोलीला बाहेर कुणी हसलं की मला लागतं, पण या गोष्टी त्याच बोलीत जिवंत होतात हे मी रोज बघतोय.

पैशांचा हिशोब आला की तेव्हा १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड, एवढं कागदावर लिहून जवळ ठेवा. आणि एक झाली की खंड मिटा, दुसरी उद्या.