मॉरोविंड आजच्या लॅपटॉपवर खेळायचाय? मग जुन्या इंजिनाच्या नादी लागू नका

मॉरोविंड हा एल्डर स्क्रोल्स मालिकेतला रोलप्लेइंग गेम मे २००२ मध्ये आला तेव्हा त्याला ५०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ एमबीचं ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ९८ असेल तर १२८ एमबी रॅम एवढंच लागायचं. आजच्या साध्यातल्या साध्या लॅपटॉपला हे म्हणजे काहीच नाही, त्यामुळे माणूस काय करतो तर विकत घेतो, इन्स्टॉल करतो, प्ले दाबतो, आणि मग बालमोरा गावात शिरल्या शिरल्या फ्रेमरेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, का कोसळतोय म्हणून डोकं धरून बसतो. गेम जड नाहीये, अडचण इंजिनची, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची आहे. ते ३२ बिट आहे, प्रोसेसरला आठ कोर असले तरी एकाच कोरवर सगळा भार टाकतं, आणि त्याच्या डोक्यात अजून चौकोनी मॉनिटर आहे, म्हणजे रुंद स्क्रीनवर चित्राचा वरचा-खालचा भाग सरळ कापला जातो.

यावर बरेच लोक जुनीच फाइल ठोकून ठोकून चालवतात, कम्पॅटिबिलिटी मोड लाव, हा पॅच टाक, तो पॅच टाक. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने त्यात पडूच नये. ओपनएमडब्ल्यू नावाचं एक फुकट, ओपन सोर्स इंजिन आहे, हौशी प्रोग्रामर मंडळींनी २००८ पासून नव्याने लिहीत आणलेलं. ते मूळ गेमची चित्रं, आवाज, संवाद, क्वेस्ट सगळं जसंच्या तसं वाचतं, फक्त चालवणारा भाग त्याचा स्वतःचा. जुना वाडा तसाच ठेवून आतली वायरिंग नवी करावी तसं. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं.

१. आधी गेम घ्या

ओपनएमडब्ल्यू फुकट असलं तरी गेम फुकट नाही, मूळ डेटा फाइल्स तुमच्याकडे असायलाच लागतात. स्टीम किंवा गॉग या ऑनलाइन गेम-दुकानांवर गेम ऑफ द इयर एडिशन मिळते, त्यात ट्रायब्युनल आणि ब्लडमून ही दोन्ही एक्सपान्शन, म्हणजे गेमला जोडलेले वाढीव भाग, असतात, सेल लागला की बऱ्यापैकी स्वस्त पडते. घाई नसेल तर विशलिस्टला टाकून थांबा. कोणाकडे जुनी सीडी पडलेली असेल आणि ड्राइव्हही असेल तर सीडीवरून इन्स्टॉल करायचा पर्यायही ओपनएमडब्ल्यूच्या विझार्डमध्ये आहे.

इन्स्टॉल करताना एकच काळजी घ्या, प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका. हा गेम सेव्ह स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो आणि आजचं विंडोज प्रोग्राम फाइल्समध्ये असं कोणाला लिहू देत नाही, त्या फाइल्स गुपचूप दुसऱ्याच जागी वळवतं. ओपनएमडब्ल्यू सेव्ह वेगळीकडे ठेवतं म्हणून त्याला याचा त्रास नाही, पण पुढे कधी मूळ गेम चालवून बघावासा वाटला तर उगाच शोधाशोध नको. डी ड्राइव्हवर गेम्स नावाचा फोल्डर करा आणि तिथे टाका. नंतर मूळ गेम एकदा सुरू करून मेन मेन्यू दिसतो का बघा, दिसला की बंद. म्हणजे फाइल्स धड आहेत हे कळलं.

२. ओपनएमडब्ल्यू इन्स्टॉल करणं

त्यांच्या अधिकृत साइटवरून स्टेबल व्हर्जन उतरवा, नाइटली म्हणजे रोजची कच्ची व्हर्जनं असतात ती सध्या नकोत. लिनक्सवाल्यांना फ्लॅटहबवर मिळेल. इन्स्टॉल झालं की लाँचर उघडा, पहिल्यांदा उघडल्यावर तो स्वतःच विझार्ड चालवायचा का विचारतो, हो म्हणा. मग एक्झिस्टिंग इन्स्टॉलेशन निवडायचं, ब्राउझ करून गेमच्या फोल्डरमधल्या डेटा फाइल्स या फोल्डरात जायचं आणि मॉरोविंड डॉट ईएसएम ही फाइल दाखवायची. शेवटी मॉरोविंड डॉट आयएनआय मधल्या सेटिंग्ज इंपोर्ट करू का असं विचारेल, तिथे टिक असू द्या. नेक्स्ट नेक्स्टच्या नादात ही टिक काढून टाकणारे बरेच असतात आणि मग अर्धं जग भडक गुलाबी दिसतं. गुलाबी म्हणजे टेक्स्चर, वस्तूंवर चढवायचं चित्र, सापडलं नाही. तसं झालंच तर लाँचरमध्ये आर्काइव्ह फाइल्सच्या टॅबमध्ये जा, मॉरोविंड, ट्रायब्युनल, ब्लडमून या तीन बीएसए फाइल्सना टिक आहे का बघा, नसेल तर करा.

आता कंटेंट फाइल्सच्या टॅबमध्ये तीन ईएसएम दिसतील. तिन्ही चालू हव्यात आणि याच क्रमाने, मॉरोविंड, ट्रायब्युनल, ब्लडमून. एवढं झालं की गेम सुरू होतोच, पुढचं सगळं नीट दिसावं आणि नीट खेळता यावं यासाठी.

३. डिस्प्ले, आणि धुक्याची गोष्ट

रेझोल्यूशन तुमच्या स्क्रीनचं जे असेल ते, व्हीसिंक (चित्र स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू. मग इंटरफेसच्या सेटिंग्जमध्ये जीयूआय स्केलिंग शोधा, कारण मोठ्या रेझोल्यूशनवर अक्षरं मुंगीएवढी होतात आणि या गेममध्ये वाचायला प्रचंड आहे, संवाद बहुतेक सगळे लेखीच. १०८० पिक्सेलच्या स्क्रीनला १.५ च्या आसपास ठेवून बघा. तिथेच शो ओन्ड ऑब्जेक्ट्स म्हणून आहे ते चालू करा, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर नजर नेली की लाल खूण दाखवतं, म्हणजे टेबलावरचा चमचा सहज उचलला आणि गावभरचे पहारेकरी मागे लागले असं होत नाही.

लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर शॅडोज बंद ठेवा, सगळ्यात जास्त तेच खातात. आणि दोन ग्राफिक्स असलेला लॅपटॉप असेल तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन ओपनएमडब्ल्यूला हाय परफॉर्मन्स लावा, नाहीतर भारीतलं कार्ड नुसतं बसून राहतं आणि तुम्ही गेमला शिव्या घालता.

आता डिस्टंट लँड. मूळ गेममध्ये जास्तीत जास्त एका सेलपेक्षाही कमी अंतर दिसायचं, त्यापुढे सगळं धुकं. सेल म्हणजे नकाशाचा एक चौकोन समजा. ओपनएमडब्ल्यूमध्ये डिस्टंट लँडला टिक केली की हे अंतर पाहिजे तेवढं वाढवता येतं आणि पहिल्यांदा सगळेच ते पार टोकाला नेतात. नेऊ नका. गेम जिथे घडतो ते व्हार्डनफेल बेट तसं छोटं आहे हो, मोठं वाटतं ते त्या धुक्यामुळे आणि तुमच्या हळू चालण्यामुळे. धुकं पूर्ण काढलं की एका डोंगरावर उभं राहून चार गावं एकदम दिसतात आणि जे शोधत फिरायचं होतं ते समोर ताटात वाढल्यासारखं होतं. मी दोन ते तीन सेलच्या पुढे जात नाही, तेवढ्यात लांबचे डोंगर, मोठ्या मशरूमची झाडं छान दिसतात आणि बेट आपलं मोठेपण टिकवून राहतं, शिवाय कमी ताकदीच्या मशीनवर फ्रेमरेटही राहतो.

४. कीबोर्ड बदला

याच मालिकेतला नंतरचा स्कायरिम खेळून आलेला माणूस दारासमोर जाऊन ई दाबतो आणि जागच्या जागी उडी मारतो. इथे ई म्हणजे उडी आणि दार उघडायला स्पेस, शस्त्र काढायला एफ, मंत्राला आर, आराम करायला टी, जर्नलला जे. ऑप्शन्समधल्या कंट्रोल्समध्ये जाऊन पहिल्याच मिनिटाला हे सवयीप्रमाणे करून घ्या. कॅप्स लॉक दाबलं की कायम पळणं चालू-बंद होतं, हे लक्षात ठेवा, त्याचं कारण पुढे आहे. गेमपॅडही चालतो.

५. पहिला तास, जिथे बहुतेक लोक सोडून देतात

टेक्निकल सगळं जमलं तरी लोक हा गेम सोडतात ते इथे. खेकड्यावर दहा वार केले, नऊ हुकले, बकवास गेम, अनइन्स्टॉल. बग नाहीये तो. प्रत्येक वाराला आत फासे पडत असतात. हिशोब साधारण असा की शस्त्राचं स्किल, अधिक अ‍ॅजिलिटीचा पाचवा भाग, अधिक लकचा दहावा भाग, आणि या बेरजेला फटीगने, म्हणजे दमाने, गुणायचं, त्याची हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ ने आणि रिकामी असेल तर ०.७५ ने. म्हणजे अ‍ॅजिलिटी आणि लक ४०-४० असलेला माणूस, शस्त्राचं स्किल फक्त १५, वर धावत धावत दमून आलेला, त्याचा वार लागायची शक्यता जेमतेम २० टक्के. तोच माणूस ४० स्किलचं शस्त्र घेऊन ताज्या दमाने उभा राहिला तर ६५ टक्के. समोरच्याची वार चुकवायची क्षमता यातून वजा होते ते वेगळंच.

म्हणून दोन गोष्टी. कॅरेक्टर बनवताना एक शस्त्र ठरवा, त्याचं स्किल मेजरमध्ये, म्हणजे मुख्य कौशल्यांत, घ्या, आणि तेच शस्त्र हातात ठेवा, लाँग ब्लेडवाला माणूस हातात कुऱ्हाड घेऊन गेला की झालं कल्याण. आणि पळण्याने हिरवी पट्टी संपते, त्यामुळे लढाईच्या आधी कॅप्स लॉक दाबा आणि चालत जा. एवढ्याने अर्धा गेम सोपा होतो. तरी जमत नसेल तर डिफिकल्टीचा स्लायडर आहेच, त्यात लाजायचं काय.

दुसरं म्हणजे नकाशावर बाण नाही. सेडा नीन या सुरुवातीच्या गावातून निघताना तुम्हाला एक पुडकं देतात आणि बालमोरात काइयस कोसाडेसला नेऊन दे म्हणतात, आता तो राहतो कुठे हे तिथल्या लोकांना विचारायचं. रस्ते पाट्यांवर वाचायचे, पत्ते जर्नलमध्ये वाचायचे, नदी ओलांडून डावीकडे वगैरे. शेजारी एक वही ठेवा खरंच. चालायचा कंटाळा आला तर गावाबाहेर सिल्ट स्ट्रायडर, तो भलामोठा लांब पायांचा किडा उभा असतो, पैसे देऊन बालमोराला जाता येतं, पण पहिल्यांदा पायी जा.

६. मॉड्स, पण थोडे

सुरुवातीला शंभर मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, टाकून बसू नका, आठवडा त्यातच जातो आणि गेम राहतो बाजूला. मी फक्त दोन सुचवेन. पहिला पॅच फॉर प्युरिस्ट्स, हा मूळ डेटामधले बग आणि चुका दुरुस्त करतो, खेळाची चव बदलत नाही. दुसरा, डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीचे हल्ले पुढे ढकलणारा कुठलाही एक. कारण ट्रायब्युनल चालू असलं की लेव्हल एकच्या बिचाऱ्या माणसाला पण झोपेतून उठवून मारेकरी येतात, का ते तुम्हाला माहीतच नसतं, आणि चुकून मारलंत त्याला तर त्याचं महागडं चिलखत विकून लगेच श्रीमंत, सगळी मजा गेली. टॅम्रिएल रीबिल्ट हा मुख्य भूमी बांधणारा अवाढव्य मॉडही आहे, पण तो बेट फिरून झाल्यावर.

टाकायची पद्धत: मॉड गेमच्या डेटा फाइल्समध्ये ओतायचा नाही. प्रत्येकाला वेगळा फोल्डर करा, लाँचरच्या डेटा डिरेक्टरीज टॅबमध्ये तो फोल्डर जोडा, मग कंटेंट फाइल्समध्ये त्याला टिक. नको झाला की टिक काढली, मूळ फाइल्सना धक्का नाही. आणि वर्णनात एमडब्ल्यूएसई किंवा एमजीई एक्सई लागतं असं लिहिलं असेल तर तो मॉड जुन्या इंजिनसाठी आहे, इथे चालणार नाही. असलेच मॉड हवे असतील तर मात्र जुनं इंजिन, त्यावर मॉरोविंड कोड पॅच आणि एमजीई एक्सई, हा रस्ता धरावा लागेल, तोही चांगला चालतो पण मेहनत जास्त.

७. सेव्ह कुठे असतात

एफ५ ने क्विकसेव्ह, एफ९ ने लोड, पण एकाच क्विकसेव्हवर राहू नका, मधूनमधून नाव देऊन वेगळा करा. विंडोजवर सगळे सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स, त्यात ओपनएमडब्ल्यू या फोल्डरात असतात. गेम बंद पडला तर तिथेच लॉग फाइल असते, कोणाला विचारायचं झालं तर आधी ती उघडून शेवटच्या ओळी वाचा, बऱ्याचदा कुठल्या मॉडने घोळ केलाय ते नावासकट लिहिलेलं असतं. हे फोल्डर स्टीम क्लाउडमध्ये जात नाही, तेव्हा पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर कॉपी तुमची तुम्हीच ठेवायची, विशेषतः ओपनएमडब्ल्यूचं नवीन व्हर्जन टाकायच्या आधी. जुने सेव्ह नव्या व्हर्जनमध्ये उघडतात, पण नव्यातला सेव्ह घेऊन परत जुन्यावर जायला गेलात तर तो उघडत नाही.