मालवण-तारकर्लीला निघताय? आधी घाट ठरवा, मग हॉटेल! कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

कोल्हापूर ते मालवण अंतर साधारण 150 ते 160 किलोमीटर. हा आकडा बघितला की कुणीतरी हमखास म्हणतं, "तीन तासांत पोचतोय की!" पुण्याला जायच्या हायवेचा हिशेब डोक्यात असतो. पण मध्ये सह्याद्री आहे. घाट, पलीकडची गावं, चहा-नाश्ता सगळं धरून साडेचार-पाच तास मोकळे ठेवा. सकाळी सहाला गाडी बाहेर पडली तर दुपारचं जेवण मालवणात होतं. "मिसळ खाऊन निघू" म्हणत दहा वाजवणाऱ्यांचा पहिला दिवस रस्त्यातच संपतो.

घाटाचा निर्णय मॅपवर सोडू नका

बहुतेक मंडळी हॉटेल बुक करतात, मग मॅप लावतात आणि तो नेईल तिकडे जातात. हे उलटं करा. कुठल्या घाटाने उतरायचं हे आधी ठरलं पाहिजे.

सर्वांत सरळ रस्ता गगनबावड्याचा. कळे, असळज करत साधारण 55 किलोमीटरवर गगनबावडा येतं. तिथून दोन घाट फुटतात. करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो आणि पुढे तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग मिळतो. भुईबावडा घाट खारेपाटणच्या बाजूला नेतो. मालवणसाठी करूळच सोयीचा, पण तो कायम चालू असेलच असं गृहीत धरू नका. 2024 मध्ये काँक्रिटीकरणासाठी तो कित्येक महिने बंद होता आणि पावसाळ्यात दरड आली की अजूनही गाड्या अडकतात. अशा वेळी छोटी गाडी भुईबावड्याने काढता येते. मात्र तो अरुंद आहे, नवख्या ड्रायव्हरच्या हातात तिथे स्टिअरिंग देऊ नका.

दुसरा पर्याय फोंडा घाट. राधानगरी, दाजीपूर, फोंडा आणि मग कणकवली. रस्ता जंगलातून आहे, दिवसा फार सुंदर. रात्री मात्र टाळाच. दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात आणि काळा गवा हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत ब्रेक मारायला जागा उरलेली नसते.

आंबोलीबद्दल थोडक्यात. वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडीकडे जायचं असेल तर आजरा-आंबोली उत्तम. मालवणसाठी तो उगाच वळसा आहे. त्यात पावसाळ्यातला रविवार असेल तर धबधब्यापाशी लागलेल्या गाड्यांच्या रांगेतच दुपार जाते.

घाट चालू आहे की नाही हे कळायचा खात्रीचा मार्ग म्हणजे मालवणातल्या हॉटेलवाल्याला आदल्या संध्याकाळी फोन लावणं. काल आलेले कोल्हापूरचे पाहुणे कुठून उतरले हे त्याला तोंडपाठ असतं. घाटात मोबाईलची रेंज जाते, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा.

पंचगंगेवर नजर, पण गगनबावड्याकडे दुर्लक्ष

जुलै आला की आपण सगळे राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतो. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. पण हे आकडे शहराच्या काळजीचे. गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीसारख्या ठिकाणी कुंभी नदीचं पाणी त्याच्या कितीतरी आधी येतं आणि वाहतूक थांबते. पाण्याखालच्या रस्त्याची कड दिसत नाही. पुढची जीप गेली म्हणून आपणही घालायची, हा नाद नको. परत फिरा.

मुळात त्या दिवसांत जायचं कशाला, हेही आधी ठरवा. पाऊस आणि खवळलेला समुद्र बघायला जात असाल तर जरूर जा. पण सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, स्कूबा, पॅरासेलिंग हे सगळं साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट बंद असतं. पोरांना किल्ल्याचं आमिष दाखवून जुलैत नेणारे आईबाप दरवर्षी मालवणच्या धक्क्यावर दिसतात. पोरं लांबूनच तटबंदी बघत असतात आणि बाप "पुढच्या वेळी नक्की" म्हणत असतो.

घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरणं

करूळच्या उतारावर एक वास ओळखीचा झालाय, जळक्या रबरासारखा, नाकात बसणारा. वळणावर सात सीटची गाडी उभी असते, चाकातून धूर येतोय, घरातली बायकामंडळी कठड्याशी, आणि कुणीतरी बिसलेरीची बाटली उघडून चाकावर ओततंय. ते पाणी ओतणं ही दुसरी चूक. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू शकते, तडकूही शकते.

पहिली चूक अर्थातच वरपासून ब्रेक दाबून धरत येण्याची. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, दुसऱ्या किंवा गरज पडली तर पहिल्या. इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी थोडा थोडा मारायचा. ऑटोमॅटिक गाडीवाले डी मोडमध्येच उतरत राहतात. गिअर लिव्हरवर एल किंवा मॅन्युअल मोड असतो तो यासाठीच. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणाऱ्याच्या शेजारी तर बसूच नका.

वास आलाच तर वळण सोडून सरळ जागा बघून गाडी डाव्या बाजूला घ्या, रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास थांबा. ब्रेक आपोआप गार होतात. त्यानंतर पेडल स्पंजासारखं आत जात असेल तर पुढे जायचं नाही, मेकॅनिक बोलवायचा.

धुक्यात हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावायची फॅशन आलीय, तीही सोडा. तुम्ही कुठे वळताय ते मागच्याला कळत नाही. आणि समोरून चढणारी गाडी आली तर वाट आधी तिला द्यायची.

एसटी: फक्त थेट गाडीची वाट बघत बसणं

कोल्हापूर-मालवण थेट एसटी आहे, पण दर तासाला नाही. ती चुकली म्हणून सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, बसून राहू नका. मिळेल त्या गाडीने कणकवली गाठा, तिथून मालवणच्या गाड्या मिळतात. कोल्हापुरात रंकाळा आणि संभाजीनगर असे आणखी स्टँड आहेत, म्हणून आपली गाडी नेमकी कुठून सुटते हे आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा. महिलांना अर्धं तिकीट आणि 75 वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, पण ज्येष्ठांच्या वयाचा पुरावा बॅगेच्या तळाशी ठेवू नका. कंडक्टर समोर उभा असताना सगळी बॅग उपसावी लागते.

खरी पंचाईत मालवण स्टँडवर होते. तारकर्ली तिथून सात-आठ किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे. अंधार पडल्यावर रिक्षाच उरते. भाडं बसायच्या आधी ठरवा, नाहीतर राहण्याच्या ठिकाणालाच रिक्षा पाठवायला सांगा.

रेल्वे आणि विमान

कोल्हापूरहून कोकणात थेट रेल्वे नाही. वैभववाडी मार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चाललीय, गाडी मात्र मिरजेलाच जाते. ॲप गोव्यावरून किंवा पनवेलवरून जोडून दाखवतं, त्या नादी लागू नका. मुंबईचे पाहुणे तुम्हाला तिथे भेटणार असतील तर त्यांना कुडाळ किंवा कणकवलीचं तिकीट काढायला सांगा. सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन ओरोसला आहे, किल्ला मालवणच्या समुद्रात. नाव एक म्हणून जागा एक नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा जुन्या वेळेवर त्यांना घ्यायला जाऊ नका. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, पण कोल्हापूरकराला त्याचा तसा उपयोग नाही.

मॅपवर जवळ, रस्त्याने लांब

देवबागच्या टोकावर उभं राहिलं की समोर भोगवे दिसतं, अगदी हाक मारावी इतकं. म्हणून लोक "तारकर्लीजवळ" असं वाचून भोगव्याला खोली घेतात. मध्ये कर्ली खाडी आहे. गाडीने जायचं तर आत पुलापर्यंत येऊन मोठा वळसा पडतो. होडीने जाता येतं, पण गाडी आणि सामान होडीत बसत नाही. बुक करताना नुसत्या फोटोवर जाऊ नका. गावाचं नाव आणि मालवण स्टँडपासूनचं रस्त्याचं अंतर विचारा. देवबागला जाणारा रस्ता एकच आणि अरुंद आहे, लांबलचक ट्रॅव्हलर नेणार असाल तर पार्किंगचंही विचारून घ्या.

तारीख न बघता निघणं

गणपतीत चाकरमान्यांमुळे महामार्ग भरलेला असतो, 31 डिसेंबरबद्दल सांगायला नको. विसरली जाते ती आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा. ती साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरते, पण तिला ठरलेली तिथी नाही. देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. त्या दोन दिवसांत कणकवलीपासून मालवणपर्यंत गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि खोल्या आधीच गेलेल्या असतात. दर्शनाला जात असाल तर प्रश्नच नाही, पण फक्त समुद्रासाठी जात असाल तर आठवडा बदला.

परतीचंही आधीच ठरवून ठेवा. रविवारी "अजून एक डुबकी" करत पाच वाजवले की घाट अंधारात चढावा लागतो, तोही समोरून येणाऱ्यांच्या अप्पर लाइटमध्ये. जेवण उरकून दोनच्या आत मालवण सोडा. उजेड असेपर्यंत गगनबावडा गाठता येतं, पुढचा रस्ता ओळखीचाच आहे.