कायद्याचा परस्परसंवादी धडा: पर्यायावर बोट ठेवण्याआधी

प्रश्न वाचून लगेच पर्याय निवडला तर बरोबर उत्तरही अंदाजानेच आलेलं असतं. आधी पर्याय झाका आणि वहीत कलम, त्याचे घटक नि निष्कर्ष अशा तीन ओळी लिहा. मगच क्लिक करा. उत्तर बरोबर, पण कारण चुकलेलं असेल तर तो प्रश्न चुकलाच असं धरा.

नंतर त्याच प्रश्नातली एकेक वस्तुस्थिती बदला. खरा अभ्यास इथेच होतो. सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून ये-जा करण्यासारखा हक्क) अधिनियम १८८२, कलम १५ घ्या; दीर्घ वहिवाटीने असा हक्क मिळण्याबद्दलचं हे कलम. रत्नागिरीकडे शेजाऱ्याच्या आंब्याच्या बागेतून पायवाट आहे, २० वर्षं उघड, हक्काने आणि अखंड वहिवाट आहे. आता ती वाट मालकाच्या परवानगीने होती असं धरा: हक्क कोसळतो. वाट सरकारी जमिनीतून असेल तर ३० वर्षं लागतात. मध्येच गडगा (दगडी कुंपण) घालून वाट अडवली तर? अडथळा कळल्यावरही वर्षभर तो मुकाट सोसला, तरच खंड धरला जातो. शिवाय वहिवाटीची ही २० किंवा ३० वर्षांची मुदत कोर्टातल्या दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली हवी. बहुतेकजण नेमकं हेच विसरतात.

फौजदारी धडा जुना नाही ना, तेही पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाची शिक्षा आता तिच्या कलम १०३ मध्ये, जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०२ मध्ये नाही. त्याआधीच्या गुन्ह्यांना मात्र जुनी दंड संहिताच लागते.

पावसाळ्यात वीज नि नेट दोन्ही बेभरवशाचे, म्हणून धडे आधीच उतरवून ठेवा. चुकलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा सोडवा, तेही वही न उघडता.