नैराश्याची गोळी चालू असताना ईसीजीत काय बघायचं

एस्सिटालोप्रॅम किंवा सिटालोप्रॅम सुरू होण्याआधी एक ईसीजी काढून ठेवा, सिव्हिलला किंवा घराजवळच्या दवाखान्यात. वय साठीपुढे असेल, हृदयविकार असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हे टाळूच नका. डोस ठरल्यावर एक-दोन आठवड्यांनी दुसरा काढा. ईसीजीचा कागद उन्हाने खराब होतो, म्हणून लगेच झेरॉक्स करून फाइलला लावा. तुलनेला पहिला कागद नसेल तर दुसऱ्यातून फारसं कळत नाही.

प्रत्येक ठोक्यानंतर पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं आणि हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. या गोळ्या ती वाट थोडी अडवतात, त्यामुळे क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचा ईसीजीवरचा वेळ, लांबतो. फार लांबला तर ठोके बेताल होऊन माणूस कोसळतो.

कागदावर लीड दोन (II) लिहिलेल्या ओळीत क्यूच्या (टोकदार उंच लहरीआधीच्या छोट्या खाचेच्या) सुरुवातीपासून टी (त्यानंतरची गोलसर) लहर संपेपर्यंतचे छोटे चौकोन मोजा. कागदाचा वेग सेकंदाला 25 मिमी असेल तर एक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. नऊ चौकोन म्हणजे 360. नाडीच्या वेगाने क्यूटी बदलतो, म्हणून हा आकडा सूत्राने दुरुस्त करतात. नाडी 100 असेल तर बॅझेटच्या सूत्राने हेच 465 होतात, फ्रिडेरिशियाच्या सूत्राने मात्र 427; म्हणजे नाडी जोरात असली की आकडा फसवा येऊ शकतो. म्हणून भर उन्हातून येऊन लगेच ईसीजी काढू नका, आधी दहा मिनिटं शांत पडून राहा. दुरुस्त केलेला क्यूटी पुरुषांत 450 पर्यंत, बायकांत 460 पर्यंत चालतो. 500 च्या पुढे गेला किंवा पहिल्यापेक्षा 60 ने वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बहुतेक वेळा घोळ एकट्या गोळीने होत नाही, जोडीच्या औषधाने होतो. मेडिकलमधून परस्पर आणलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन, उलटीची ऑनडॅनसेट्रॉन, डोमपेरिडोन ही त्यातली नेहमीची. अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल सिटालोप्रॅमचं रक्तातलं प्रमाण वाढवते. ती चालू असेल किंवा वय साठीपुढे असेल तर सिटालोप्रॅम दिवसाला 20 मिलिग्रॅमच्या वर नको. एप्रिल-मेमध्ये जुलाब-उलट्या लागल्या की पोटॅशियम उतरतं, लघवीच्या गोळीनेही उतरतं. अशा वेळी ओआरएस घ्या आणि रक्तातलं पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या.

हृदयरुग्णांना डॉक्टर बहुधा सर्ट्रालिन आधी निवडतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन या नैराश्याच्या जुन्या गोळीचं पाकीट मात्र कुलपात ठेवा. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर सोडियमची वाट अडून क्यूआरएस (ईसीजीवरची ठोक्याची टोकदार लहर) 100 मिलिसेकंदांच्या वर रुंदावतो, झटके येतात. घरी थांबू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

आकडा वाढलेला दिसला म्हणून गोळी मनाने बंद करू नका. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे डॉक्टरांना दोन्ही ईसीजी आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून ठरवू द्या. शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा.