शेळीपालकांचे प्रमाणपत्र प्रशिक्षण चालवताना या चुका टाळा

सोलापूर जिल्हा उस्मानाबादी शेळीच्या मूळ पट्ट्यात येतो आणि सांगोल्याचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. त्यामुळे मांसासाठी शेळ्या पाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला येथे मागणी असते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० शेळ्या व ५ बोकडांपासून ५०० शेळ्या व २५ बोकडांपर्यंतच्या प्रकल्पांना ५० टक्के भांडवली अनुदान मिळते आणि अर्जदाराकडे प्रशिक्षण किंवा अनुभव असावा लागतो. साहजिकच काही जण शिकण्यापेक्षा कागदासाठी येतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. प्रमाणपत्र कशावर द्यायचे हे आयोजकाच्या हाती असते आणि बहुतेक चुका तेथेच होतात.

हजेरीवर प्रमाणपत्र देणे

सभागृहात व्याख्याने ऐकली, हजेरीपटावर सही केली आणि शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेतले, एवढ्याने शेळीपालक तयार होत नाही. लेखी परीक्षा घेतली तरी ती लिहिता येणाऱ्यालाच झुकते माप देते. आयुष्यभर मेंढरे राखलेल्या माणसाला तीत कमी गुण मिळतात. परीक्षा चालू गोठ्यात, प्रत्यक्ष जनावरावर घ्यावी. दातांवरून वय सांगणे, डोळ्याची खालची पापणी उलटून तिच्या फिकेपणावरून रक्त कमी झाल्याचे ओळखणे, पाठीचा कणा चाचपून अंगावर मांस किती भरले आहे ते ठरवणे, गाभण शेळीची विण्याची तारीख साधारण १५० दिवसांच्या हिशेबाने काढणे, एवढे ज्याला जमते त्यालाच उत्तीर्ण करावे. एका प्रशिक्षकाला प्रत्येकाचा हात पाहता येईल एवढीच तुकडी घ्यावी.

औषधांचा भाग उरकून टाकणे

माझ्या मते ही सर्वांत गंभीर चूक आहे, कारण तिचा परिणाम खाणाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचतो. चारा, गोठा आणि कर्ज यांवर तासन् तास बोलले जाते, पण औषध दिल्यावर किती दिवस जनावर कापायला देऊ नये, हा विषय दोन वाक्यांत संपतो. वस्तुस्थिती अशी की आजारी बोकड औषधाने उठेना, म्हणजे तो मरण्याआधी विकण्याची घाई होते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या मांसात औषधाचा अंश सर्वाधिक असतो. औषध दिल्यापासून जनावर कापायला देईपर्यंत थांबण्याचा हा विरामकाळ औषधागणिक वेगळा असतो. म्हणून प्रशिक्षणार्थ्याला आकडे पाठ करायला न लावता बाटलीवरील मजकूर वाचायला, पशुवैद्यकाला विचारायला आणि जनावराच्या कानातील बिल्ल्याच्या १२ अंकी ओळख क्रमांकापुढे औषध, मात्रा, तारीख व विक्रीयोग्य दिवस वहीत लिहायला शिकवावे.

अमेरिकेत मांसासाठी गुरे पाळणाऱ्यांकरिता ‘बीफ क्वालिटी अ‍ॅश्युरन्स’ हा प्रमाणपत्र कार्यक्रम चालतो. सुई मानेत द्यावी, मांडीसारख्या महाग मांसाच्या भागात देऊ नये, हा त्याचा ठळक धडा आहे, कारण सुईच्या जागी व्रण राहून ते मांस छाटून टाकावे लागते. आपल्याकडे मांडीत सुई देण्याची सवय सर्रास दिसते. ती प्रशिक्षणातच मोडली पाहिजे.

लसीचे प्रात्यक्षिकही जपून करावे. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची लस थंड साखळीतच, म्हणजे सतत थंड ठेवली तरच टिकते आणि सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना ती टेबलावर ठेवून माहिती सांगत बसणे म्हणजे चुकीचाच धडा देणे होय. बर्फाचा डबा उघडणे, लस मिसळणे आणि मिसळलेली लस लगेच संपवणे हे सारे प्रशिक्षणार्थ्यांकडून करून घ्यावे.

वेळ आणि माणसे चुकणे

ज्वारीची काढणी, आषाढी वारीचे दिवस आणि आठवडी बाजार टाळून वेळापत्रक आखावे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या अनेक गावांत घरची भाषा कन्नड आहे. तेथे समजावून सांगणारा कन्नड बोलणारा सहायक असावा. त्याहून मोठी उणीव म्हणजे शेळ्यांना चारा-पाणी करणारी, करडांना पाजणारी बाई घरी राहते आणि प्रमाणपत्र पुरुषाच्या नावाने निघते. सत्र गावातच, दुपारच्या मोकळ्या वेळेत ठेवावे आणि नाव तिचेच नोंदवावे.

प्रमाणपत्राची मर्यादा न सांगणे

प्रमाणपत्र भिंतीवर लागले की शेजारचे लोक आपली जनावरे दाखवायला आणतात. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे आणि प्रमाणपत्रावरही छापावे.

त्यावर मुदतही छापावी. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी कार्यक्रमात प्रमाणपत्र ३ वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. आपल्याकडेही नूतनीकरणाच्या वेळी औषधांची वही तपासली, तर ती नियमाने लिहिणारा आणि आदल्या रात्री एकाच पेनाने भरून आणणारा, दोघेही ओळखू येतात. दुसऱ्याला नापास म्हणून परत पाठवू नये. पुढील तुकडीच्या औषधांच्या सत्राला बसवावे, त्याच्याच कळपातील एका शेळीपासून वही नव्याने सुरू करून द्यावी आणि सहा महिन्यांनी गोठ्यावर जाऊन ती पुन्हा पाहावी.